मानेवरचा निळा ठिपका

डोकं

त्या वर्षी कातरणी झालीच नाही.

डोंगरावरचं गवत पोटरीला लागायच्या आधीच वाळलं. कळपवाल्यांनी मेंढरं लोकरीसकट विकून टाकली. कातरवाल्याच्या चारही कातरी तेल लावून, चिंध्यांत गुंडाळून खुंटीवर तशाच राहिल्या.

दरवर्षी या दिवसांत तो आणि त्याची बायको घरात सापडायचे नाहीत. गावोगाव फिरायचे. तो कातरायचा. ती मेंढरू धरून आणायची आणि कातरून झालं की पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका द्यायची. ठिपका दिसला की त्याचं झालं, त्याला कुणी पुन्हा धरायचं नाही. सगळी मेंढरं सारखीच दिसतात, त्यामुळे ठिपका नसेल तर एकच बिचारं दोनदा खाली पडतं. वीस वर्षांत तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कुणी पांढरं पाहिलं नव्हतं.

आता दोघंही घरात. तो रोज सकाळी एक कातर काढायचा, दगडावर घासायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत नुसती मूठ उरेल, असं ती म्हणायची. तो घासत राहायचा.

त्यांना सात वर्षांची मुलगी होती. पहाट फुटल्यापासून तिची टकळी सुरू व्हायची म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. मागच्या वर्षी कातरणीला जाताना त्यांनी टिटवीला सुट्टीतल्या शाळेत ठेवलं होतं. बटाटे निवडायच्या शेडच्या पलीकडे ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर होतं, तिथं सुट्टीचे सहा आठवडे ही शाळा भरायची. ज्यांचे आईबाप कामावर जातात अशी मुलं सकाळी यायची आणि संध्याकाळी घरी जायची. गाणी, गोष्ट, थोडं लिहिणं-वाचणं, दुपारचं जेवण. ज्यांना घरी कुणीच नव्हतं ती पाच-सहा मुलं तिथंच झोपायची. मंडळीतली असोत की बाहेरची, कुणी विचारत नसे. सगळं पाळकांची बायको बघायची. तिला सगळा गाव पाळकीणबाई म्हणायचा.

तिसऱ्या आठवड्यात टिटवीला ताप भरला. पाळकीणबाईंनी तिला पाठुंगळी घेतलं, दवाखान्यापर्यंत चालत नेलं आणि अकरा दिवस तिच्या खाटेपाशी बसून काढले. आईबाप परतले तेव्हा पोरगी बाकावर बसून जेवत होती आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून तक्रार करत होती. झालेलं सगळं कातरवाल्याच्या बायकोला तिथं उभ्याउभ्या कळलं. तिच्या केसांत लोकरीचे तंतू होते, अंगाला मेंढरांचा वास होता. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बरं."

त्यानंतर ती मुलीला घेऊन घरी आली.

ते 'बरं' वर्षभर तिला सलत होतं. पाणी भरताना, झाडताना, कुणाशी बोलताना मध्येच आठवायचं, आणि ती हातातलं काम थांबवून उगाच भिंतीकडे बघायची.

या वर्षी शाळा सुरू झाली त्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन प्रार्थनाघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आम्ही दोघं रिकामे आहोत. काम सांगा."

पाळकीणबाई हसल्या. त्यांच्या कमरेला एक पोर बिलगलं होतं, दुसरं पदर ओढत होतं. त्यांनी पदर ओढणाऱ्या पोराचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, वाकवलं आणि केस बाजूला सारून दाखवले.

टँकर तीन दिवसांतून एकदा येत होता. प्यायला पुरेल एवढं पाणी, मग डोकं कोण धुणार? बासष्ट मुलं, आणि बासष्ट डोक्यांत उवा.


हात

दुसऱ्या दिवशी कातरवाल्याने लहान कातर आणली. मेंढराच्या तोंडाजवळची, पायांमधली लोकर काढायची ती, वीतभर लांब. बायकोने फणी आणली. प्रार्थनाघराच्या मागे कडुलिंबाखाली दोघांनी जागा धरली. मुलगे त्याच्याकडे, मुली तिच्याकडे.

त्याला खुर्ची दिली होती. ती त्याने बाजूला ठेवली. पोराला काखेत धरून उचललं आणि आपल्या दोन पावलांवर बसवलं, त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून, पाय हवेत. मेंढराला असंच बसवतात. चारही पाय जमिनीवरून सुटले की ते धडपडायचं थांबतं आणि एकदम शहाण्यासारखं बसून राहतं. पोरंही तशीच बसली. एक जण तर डोकं मागे टाकून घोरायला लागला. कातरवाला नाकातल्या नाकात गुणगुणत होता. आत बायका मुलांकडून गाणं घोकून घेत होत्या. त्याचं गुणगुणणं आणि आतलं गाणं अधूनमधून जुळायचं, पुन्हा सुटायचं.

कपाळापासून सुरुवात, मग मधून मागे, मग कानांभोवती. केस पडले की टिटवी सुपात गोळा करायची आणि चुलीत टाकायची, उवांसकट. तडतडलं की पोरं आनंदाने ओरडायची.

बायकोचं काम हळू चालायचं. मुलींचे केस कापायचे नव्हते, तसं सगळ्यांच्या आयांनी बजावून पाठवलं होतं. एकेक बट धरायची, मुळापासून फणी ओढायची, फणी कापडावर झटकायची, सापडेल ती ऊ नखावर चिरडायची. लिखा चिवट. त्या बोटांनी एकेक ओढाव्या लागायच्या. मान दुखायची. डोळ्यांत पाणी यायचं. एक मुलगी म्हणाली, काकू, तुम्ही रडताय का? ती म्हणाली, उवा मेल्या म्हणून रडतेय, बिचाऱ्या. मुलगी इतकी हसली की फणी हातातून सुटली.

दुपारी पाळकीणबाईंच्या सासूने सगळ्यांना ताटं दिली. ही म्हातारी चुलीपाशी स्टुलावर बसून पळी हलवत असे आणि कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही तर रागवत असे. जेवणाआधी सगळ्यांनी उभं राहून आभार मानले. कातरवाला आणि त्याची बायको मागे उभे होते. त्यांना शब्द येत नव्हते. ओठ हलवले.


मान

गडबड पुढच्या आठवड्यात, मंगळवारी झाली.

मुलग्यांची रांग संपतच नव्हती. कातरवाल्याने एकाला पावलांवर बसवलं, कातर चालवली, आणि कातर डोक्यावरून तशीच घसरली, कापायला काही नव्हतंच. पोराचा कान थोडा कापला गेला. केस कालच कापून झालेला मुलगा होता. पावलांवर बसायला मजा येते म्हणून परत रांगेत लागला होता. त्याच्या मागचेही दोघं तसलेच निघाले.

कान धुतला, चिंधी बांधली. बायको उठली, घरी गेली आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन आली.

तिने विचार केला नाही. हाताने केलं. ज्याचं झालं त्याच्या मानेच्या मागे, कॉलरच्या जरा वर, अंगठ्याएवढा ठिपका. मुलांना ते इतकं आवडलं की ज्यांचं आधी झालं होतं तीही येऊन मान पुढे करू लागली. मुलींनीही मागितलं. ज्यांची फणी झाली त्यांनाही दिला. पाळकीणबाई आत होत्या. संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी पाहिलं, तोवर अठ्ठावन्न ठिपके झाले होते. मानेकडे बघत राहिल्या. एवढंच विचारलं, हा निघतो का?

नाही, असं ती अभिमानाने म्हणाली. पावसातही निघत नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला वर्षभरात पहिल्यांदा मोकळं वाटलं. टिटवी पुढे उड्या मारत होती, नवरा कातर कमरेला खोचून मागे. ती मनात मोजत होती: अठ्ठावन्न.


कान

कामाच्या पाळीनंतर शेडच्या फाटकात आयांनी आपापली मुलं पाहिली. त्यानंतर नळावर, टँकरपाशी, दारादारांत जे ऐकू आलं ते असं:

की पोरांवर शिक्का मारलाय.
की कातरवाल्याची बाई मेंढरं नाहीत म्हणून माणसांची पोरं धरते.
की मोजायला केलंय, म्हणजे किती पोरं जेवतात ते वरच्यांना दाखवता येईल.
की घासून घासून कातडं निघालं, रंग निघेना.
की शेडमधला वजनकाट्यावरचा माणूस एका आईला म्हणाला, तुझं कोकरू आलं बघ. आणि सगळे हसले.

या शेवटच्या गोष्टीने घात केला.


तोंड

सकाळी शाळेत नऊ मुलं होती.

मुकादमीण सहा बायका घेऊन आली. बटाटा निवडायच्या पट्ट्यावर तिने वीस वर्षं काढली होती. आता तिथल्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली होत्या. उंच बाई, बोटांचे सांधे सुजलेले, आवाज शेडच्या मशीनवर चढणारा. तिचा सहा वर्षांचा नातू तिच्याजवळच राहायचा. मुलगा आणि सून दूरच्या गावी कामाला होते. नातवाला गोट्या म्हणत. गोट्याला तिने मानगुटीला धरून आणलं होतं.

कडुलिंबाखाली ती कातरवाल्याच्या बायकोसमोर उभी राहिली.

"आमची पोरं सांभाळायला ठेवलीत की मोजायला? आज रंग लावलात. उद्या कानाला बिल्ला टोचाल."

कातरवाल्याच्या बायकोला तोंड उघडायला वेळ लागला. मग तिने खरं तेच सांगितलं. ज्याचं झालंय ते कळावं म्हणून.

"मेंढराचं होतं ते. पोराचं काय होतं? पोराला नाव असतं. नावाने हाक मारायची."

वळताना बायकांपैकी एकीने कडुलिंबाखालच्या डब्याला पाय लावला. रंग सांडला. वाळलेल्या जमिनीत तो लगेच मुरला नाही, निळं डबकं होऊन थांबला.

दुपारी पाळकीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. रागावल्या नाहीत. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी निरोप दिला होता, तो सांगितला. मोठ्या हंड्यातलं धान्य साठ मुलांसाठी दिलेलं होतं. नऊ मुलांसाठी हंडा चढवणं बरं नाही. रविवारच्या प्रार्थनेनंतर बसू. शनिवारपर्यंत मुलं परतली नाहीत तर शाळा यंदापुरती बंद करू आणि धान्य दुसऱ्या गावी पाठवू.

त्या दिवशी बुधवार होता.

घरी जाताना ती नवऱ्याला म्हणाली, ती जागा माझ्या अंगठ्याने बंद होणार. टिटवी त्यांच्यामध्ये चालत होती.


पाय

कातरवाल्याने उपाय काढला. वीस वर्षांत नवे कपडे खराब झाल्यावर त्याने तो शोधला होता. आधी तेल लावायचं, मुरू द्यायचं, मग चुलीची चाळलेली राख चोळायची, मग कोमट पाणी. हळूहळू. जोर लावला की कातडं जातं, रंग राहतो.

कातरींच्या तेलाची बाटली होती. राख होती. पाणी म्हणजे त्यांच्या वाट्याचे दोन हंडे. एक ठेवला, एक घेतला.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर दोघं शेडमागच्या खोल्यांच्या रांगेत गेले. कमरेवर हंडा, हातात राखेचं टोपलं.

पहिल्या दारातली बाई उंबऱ्यावरून हलली नाही. तिच्या बाजूने मुलीने मान बाहेर काढली. कातरवाल्याच्या बायकोने तिथंच वाकून ती मान पुसली. दुसऱ्या दारात एक पूर्ण टकला माणूस बसला होता. त्याने डोकं पुढे केलं, आमचीही लोकर काढा म्हणाला, आणि रांगभर हसू पसरलं. कातरवालाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. तिसऱ्या दाराने नाही म्हटलं. चौथ्याने आत घेतलं. एक तरुण बाई तान्ह्याला पाजत बसली होती, मोठ्या मुलाची मान पुसून होईपर्यंत ती बघत राहिली. झाल्यावर हळूच विचारलं, तुमच्याकडे ती फणी आहे का?

होती. बाई पाजतच राहिली, आणि कातरवाल्याची बायको तिच्या मागे गुडघे टेकून बसली. केस सोडले. बारा तास मातीत आणि धुळीत गेलेलं डोकं होतं. फणी पहिल्यांदा फिरली तेव्हा त्या बाईचे खांदे आपोआप खाली घसरले, जसं ओझं उतरवल्यावर होतं. ती म्हणाली, किती दिवसांनी कुणी डोक्याला हात लावला.

सगळ्यात शेवटी मुकादमिणीचं दार. बंद. आत दिवा होता, गोट्या रडत होता, घासण्याचा आवाज येत होता. कातरवाल्याची बायको पायरीवर बसली. नवऱ्याला घरी जायला सांगितलं. हंड्यात तळाला पाणी उरलं होतं. थोड्या वेळाने दार उघडलं.

मुकादमीण म्हणाली, घरी जा. तो यायचा नाही.

ती उठली नाही. वर बघून म्हणाली,

"मावशी, माझी पोरगी तिथं जगली. मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. माझ्या हातून ती जागा बंद पडू देऊ नका."

मुकादमिणीने दार लावलं.


गुरुवारी सतरा मुलं आली. शुक्रवारी तेवीस.


पोट

शुक्रवारी दुपारी शेडमध्ये जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून कळलं. मुकादमीण गोट्याला खोलीत कोंडून कामावर यायची. खिडकीतून तो बाहेर पडला, आजीला शोधत शेडमध्ये शिरला, आणि पट्ट्याखाली सांडलेले बटाटे गोळा करायला सरपटत गेला. पोटावर. पट्ट्याच्या फिरत्या रुळापासून त्याचा हात वीतभर दूर होता, तेव्हा तान्ह्या बाळाच्या त्या आईने त्याचा पाय धरला आणि ओढलं. मशीन थांबवली. मुकादमीण धावत आली. तिने त्याला मारलं नाही. जमिनीवर बसली आणि त्याचा हात आपल्या दोन हातांत धरून बोटं तपासत राहिली, एकेक, पाचही, परत पाचही.

वजनकाट्यावरचा माणूस तोंड उघडणार होता. कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तोंड मिटलं.


मांडी

शनिवारी सकाळी पाळकीणबाई दारात मुलं घेत होत्या. कातरवाला कडुलिंबाखाली कातर पुसत होता. पंचवीस झाली, सव्वीस. गाणं सुरू झालं. मग शेडच्या रस्त्यावर धूळ दिसली.

मुकादमीण पुढे, गोट्या तिच्या हाताला. मागे मुलांची सगळी रांग. आया प्रार्थनाघराच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या, मुकादमिणीने त्यांना अर्ध्या तासाची सवलत दिली होती. मुलं आत पळाली. पाळकीणबाई मोजत नव्हत्या, एकेकाला नावाने बोलावत होत्या. चुकलं की मुलं ओरडून सांगत होती.

गोट्याच्या मानेवर ठिपका नव्हता. ठिपक्याच्या जागी कातडं निघालं होतं, लालभडक, आणि कडेला खपली धरू लागली होती. विटकरीने घासलं होतं. मुकादमिणीने ते दाखवलं नाही, लपवलंही नाही. कातरवाल्याच्या बायकोने बाटलीतलं तेल बोटावर घेतलं आणि त्या जागेभोवती लावलं. गोट्याने दात दाबले. मग पळाला.

मुकादमीण गेली नाही. इकडे तिकडे पाहिलं, जणू काही विसरलंय. तिने हात पुढे केले. बोटं वळत नव्हती.

"मला फणी धरता येत नाही. पोराच्या डोक्यातलं माझ्याही डोक्यात आलंय. बघ काय होतंय." जरा थांबून म्हणाली, "आणि रंगबिंग काही नको."

कातरवाला कातर पुसता पुसता खोकला. हसू लपवायला.

बायकोने चटई टाकली. मुकादमीण खाली बसली, कुणाच्या पुढ्यात बसायची सवय नसलेल्या माणसासारखी, ताठ. केस पिकलेले, दाट, मुळाशी घामाने चिकटलेले. फणी फिरवायला सुरुवात केली. मुकादमीण बोलायला लागली: वडीलधाऱ्यांना शेडच्या बायकांचा निरोप पाठवलाय, उद्या शाळा बंद करायची भाषा केली तर आम्ही सगळ्या येऊन दारात बसू. पाळीला दोघी-दोघी मदतीला पाठवीन, म्हातारीने किती दिवस एकटीने पळी हलवायची. ती असं बोलत होती आणि मध्येच वाक्य अर्धवट राहू लागलं. मान जड झाली. मागे झुकली. कातरवाल्याच्या बायकोने मांडी पुढे सरकवली आणि ते डोकं मांडीवर घेतलं.

ती झोपली. तोंड थोडं उघडं. बोटं पोटावर, अर्धी वळलेली.

कातरवाल्याची बायको काम करत राहिली. मांडीला मुंग्या आल्या, मग मांडी आहे की नाही तेच कळेना. ऊन सरकलं, सावली त्यांना सोडून गेली. कातरवाला आला, त्याने आपली चादर फांदीला बांधली आणि परत गेला. टिटवी सूप घेऊन आली आणि तोंडावर बोट ठेवून उभी राहिली.

आत ताटं लागली. हंडा उतरला. म्हातारीने पळीने कड वाजवली आणि सगळे उभे राहिले, साठ मुलं, पाळकीणबाई, कातरवाला, शेडमधून मदतीला आलेल्या दोघी. दार उघडं होतं. पाळकीणबाईंनी बाहेर कातरवाल्याच्या बायकोकडे पाहिलं आणि ती उठेल म्हणून थांबल्या.

ती उठली नाही. मांडीवरचं डोकं हललं असतं.

तिने तिथंच बसून, फणी हातात, हळू आवाजात, वर्षभर न म्हटलेलं म्हटलं. आतून सगळ्यांनी आमेन म्हटलं. मुकादमिणीने झोपेतच कूस बदलली.